कलावंत–शाळा सहयोग (सोलापूर)

कलेवरच उपजीविका असलेल्या व्यक्तीने माध्यमिक शाळेत काही आठवडे नियमित येऊन विद्यार्थी व शिक्षकांच्या बरोबरीने एखादी कलाकृती घडवण्याची पद्धत. स्नेहसंमेलनाचा प्रमुख पाहुणा, चित्रकला स्पर्धेचा परीक्षक किंवा तासाभराचे प्रात्यक्षिक यांचा समावेश यात होत नाही. कलावंत म्हणजे चित्रकार, नट, वादक, शाहीर हे तर आलेच. सोलापुरात मात्र चादरींची आणि वॉलहँगिंगची नक्षी काढणारा डिझायनरही यात धरायला हवा. शाळांच्या आमंत्रण-यादीत त्याचे नाव क्वचितच असते, आणि हा मोठा तोटा आहे.

इंग्लंडमध्ये ‘क्रिएटिव्ह पार्टनरशिप्स’ या सरकारी कार्यक्रमाने २००२ ते २०११ या काळात कलावंतांना शाळांशी जोडले. भारतात १९७७ मध्ये सुरू झालेल्या स्पिक मॅके या संस्थेने शास्त्रीय कलावंतांना विद्यार्थ्यांसमोर आणले. त्यात भर मुख्यतः ऐकण्या-पाहण्यावर राहिला. २०१५ पासूनचा केंद्र सरकारचा कला उत्सव माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी आहे, पण त्याचे रूप स्पर्धेचे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने स्थानिक कलांमधील जाणकारांना शाळेत शिकवायला बोलावण्यास प्रोत्साहन दिले आणि सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची परंपरा भक्कम आहे. मात्र त्यांच्या तयारीतच कलेच्या तासिका खर्ची पडतात.

सोलापूरची पहिली कापडगिरणी, ‘जुनी मिल’, १८७७ मध्ये उभी राहिली. गिरण्या बंद पडल्या तरी यंत्रमाग चालू राहिले, आणि शहराच्या पूर्वभागातल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी किंवा शेजारी माग आहे. जेकार्डची, म्हणजे छिद्रांच्या कार्डांनी धागे उचलणाऱ्या मागावरची, नक्षी आधी ग्राफवर उतरते. उभी ओळ म्हणजे ताण्याचे धागे, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक फेरा. भरलेल्या चौकटीनुसार पंचिंगमध्ये कार्डाला छिद्र पडते आणि मागावर तेवढाच धागा उचलला जातो. हल्ली हे काम संगणकावर होते, तत्त्व तेच आहे. आठवी-नववीच्या मुलाने काढलेला मोर ग्राफवर आला की मानेचा बाक पायऱ्यापायऱ्यांचा होतो. सलग जास्त चौकटी एकाच रंगाने भरल्या तर धागा कापडावर मोकळा लोंबतो आणि कशातही अडकतो. तो मध्ये कुठेतरी बांधून घ्यावा लागतो. इंचातले ताण्याचे आणि बाण्याचे धागे सारखे नसतील, तर साध्या ग्राफवरचा मोर चादरीवर आडवा पसरतो किंवा उभा ताणला जातो. इथे गणिताच्या शिक्षकांना वर्गात यावेच लागते. डिझायनर मात्र हा हिशेब नजरेने करतो. मुलांनी त्याच्याकडून शिकायचे ते हेच.

शाहिरी आणि नाटकाचा वारसाही जवळचा आहे. शाहीर राम जोशी सोलापूरचे, शाहीर अमर शेख बार्शीचे. स्वातंत्र्यलढ्यातील सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. त्याआधीच्या, १९३० मधल्या मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) दिवसांवर पोवाडा रचायचा तर विद्यार्थ्यांना आधी आजी-आजोबांकडून ऐकलेले आणि छापलेले पडताळून घ्यावे लागते. शाहीर चाल, ठेका आणि झील (मागून साथीचा सूर) धरणाऱ्यांची शिस्त शिकवतो. शब्द मुलांचे असावेत. शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमांच्या शाळा आहेत. त्यामुळे एकाच पोवाड्यात दोन भाषांची कडवी येणे इथे अगदी स्वाभाविक ठरते. सिद्धेश्वर यात्रेतला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आणि नंदीध्वज, मार्कंडेय रथोत्सव हेही विषय होऊ शकतात, परंतु ते नुसते भिंतीवर रंगवून सोडणे म्हणजे हाताशी असलेली संधी दवडणे होय.

वेळ जून ते दिवाळी हीच. पुढे स्नेहसंमेलन, गड्ड्याची (सिद्धेश्वरांची) यात्रा आणि परीक्षा येतात. दहावीला यातून बहुधा वगळले जाते, हे खरे तर पटण्यासारखे नाही: नववी-दहावीला ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हा श्रेणी विषय असून सहयोगाचे काम त्यातच बसते.

सगळ्या कामाचा कणा शाळेचा कलाशिक्षक असतो. कोणता मुलगा बोलत नाही पण हात चांगला चालवतो, हे त्यालाच ठाऊक असते. कलावंत गेल्यावर काम पुढे नेणाराही तोच. त्याला केवळ हजेरी घ्यायला आणि रंग आणायला ठेवले तर प्रकल्प कलावंताबरोबरच संपतो. कलावंताचे मानधन आधी ठरवून लेखी द्यावे. मागावरच्या कारागिराला दिवसभराची मजुरी बुडवून यावे लागते. त्याला शाल आणि नारळ देऊन भागवणे अन्याय आहे. मुलांच्या नक्षीवर चादर विणली गेली तर तिच्यावर त्यांची आणि डिझायनरची नावे असावीत, आणि ती विकायची झाल्यास पैसे कोणाचे, हे पहिल्याच बैठकीत मुख्याध्यापक आणि पालकांसमोर ठरावे.