बीम

बीम : बांधकाम, वस्त्रोद्योग, प्रकाशशास्त्र, रेडिओ खगोलशास्त्र, कणभौतिकी, किरणोपचार, नौकाबांधणी अशा अनेक क्षेत्रांत वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जाणारा, मुळात इंग्रजी असलेला आणि आता मराठीत रुळलेला शब्द. गवंड्याच्या तोंडी बीम म्हणजे खांबांवर टेकलेला आडवा आधार. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याच्या तोंडी बीम म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेला मोठा रूळ. कुलाब्याच्या प्रयोगशाळेत ‘आज बीम आहे’ असे कोणी म्हणाले, तर आयनांचा, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंचा, झोत चालू आहे असे समजायचे. या सगळ्यांना पुरेल असा एकच मराठी शब्द नाही आणि तो शोधूही नये. तुळई, आढे, हाळीस, दांडी, झोत, शलाका, कवडसा हे शब्द आपापल्या जागी नेमके आहेत.

इंग्रजी ‘बीम’चा जुना अर्थ झाड. जर्मन भाषेत ‘बाउम’ म्हणजे आजही झाडच, आणि डच ‘बोम’ही तेच. हॉर्नबीम, व्हाइटबीम या युरोपीय वृक्षांच्या नावांत तो अर्थ अजून टिकून आहे. झाडावरून तोडलेले ओंडके, ओंडक्यावरून घराची तुळई, असा त्याचा प्रवास सरळ दिसतो. प्रकाशाचा अर्थ मात्र धर्मग्रंथांतून आला असावा असे मानतात. लॅटिनमधल्या ‘प्रकाशस्तंभ’ या कल्पनेसाठी जुन्या इंग्रजीत हाच लाकडाचा शब्द वापरला गेला आणि तिथून तो सूर्यकिरणांना लागला.

मराठीतली वाट वेगळी. तुळई हा शब्द संस्कृत ‘तुला’शी जोडलेला आहे, आणि ‘तुला’ म्हणजे तराजूही आणि घराचे आडवे लाकूडही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तूच्या प्रकरणात भारतुला, तुला, उपतुला अशी नावे येतात. भारतुला खांबाइतकी जाड असावी आणि तिच्यावरच्या तुला-उपतुला पावापावाने कमी होत जाव्यात, असे तिथे सांगितले आहे. प्रकाशाच्या बीमला शास्त्रीय मराठीत ‘शलाका’ म्हणतात, आणि शलाका म्हणजे मुळात काडी, बारीक कांब. म्हणजे प्रकाशाची सरळ रेघ नजरेपुढे आणायला दोन्ही भाषांना शेवटी लाकूडच लागले.

जुन्या मराठी घरात लाकडांची नावे त्यांच्या कामावरून ठरतात. छपराच्या माथ्यावरचे लाकूड ते आढे, त्यावरून दोन्ही बाजूंना उतरतात ते वासे, खांबावर आडवी बसते ती तुळई, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट घातले की कडीपाट. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत जागा खणांत मोजत. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. घर किती मोठे हे ‘पाच खणांचे’, ‘सात खणांचे’ असे सांगितले जाई. गावात ज्या लांबीचे लाकूड मिळे, त्यावर खण ठरे, आणि खणावरून माणसाची ऐपत कळे. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’, ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ या म्हणी त्या छपराखाली झोपणाऱ्या माणसांनीच घडवल्या.

खण लहान का ठेवत, याचे उत्तर गणितात आहे. तुळईवर दर हाताला भार तेवढाच ठेवून तिची लांबी दुप्पट केली, तर मध्यभागी ती दुप्पट नव्हे, सोळापट खाली झुकते. उलट तुळईची उंची वाढवली की ताठपणा घनाच्या प्रमाणात वाढतो. शाळेची लाकडी पट्टी आडवी धरून वाकवून पाहावी आणि मग तीच कडेवर उभी धरून पाहावी, म्हणजे हे हाताला कळते. दहा बाय वीस सेंटिमीटरची तुळई उभी बसवली, तर तीच आडवी बसवण्यापेक्षा चौपट ताठ राहते. लाकूड तेच, पैसा तोच. तुळई किती ओझे पेलेल याचा हिशेब मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात केला. ताकद उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते हे त्याने बरोबर ओळखले. पण तुळईत कुठे दाब येतो आणि कुठे ताण, याची वाटणी त्याला साधली नाही. ती नीट मांडलेली दिसते ती १८२६ मध्ये, फ्रेंच अभियंता नाविए याच्या लेखनात.

ही वाटणीच सिमेंट-काँक्रीटच्या बीमचे मर्म आहे. दोन खांबांवर टेकलेल्या बीमवर ओझे आले की तो मध्ये झुकतो. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी. म्हणून मध्यभागी मुख्य सळया खाली घालतात. खांबाजवळ प्रकार उलटा होतो, तिथे ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून तिथे सळया वर लागतात. सळयांभोवतीच्या लोखंडी रिंगा बीमला तिरक्या चिरा पडू देत नाहीत. त्या खांबांजवळ दाट आणि मध्ये विरळ असतात. भूकंपाचा विचार करून बांधताना आणखी एक नियम पाळतात : खांब बीमपेक्षा बळकट हवा. बीम वाकला तर माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. खांब गेला की वरचे सगळे एकदम खाली येते.

गॅलरी किंवा सज्जा हा एकाच टोकाला धरलेला बीम. त्याचा ताण सगळाच वरच्या बाजूला, म्हणून सळयाही वरच हव्यात. त्या वर राहाव्यात यासाठी खाली ‘खुर्च्या’, म्हणजे वाकवलेल्या सळईचे छोटे आधार, ठेवतात. स्लॅबच्या दिवशी मिक्सर घरघरत असतो, घमेली एकामागून एक येत असतात, आणि घाईत कोणी सळयांवर पाय देऊन उभा राहिला की खुर्ची वाकते, सळई दोन-तीन बोटे खाली बसते. वरून काँक्रीट पडते, थापी फिरते, दुसऱ्या दिवशी गॅलरी गुळगुळीत दिसते. आत मात्र लोखंड चुकीच्या जागी गेलेले असते. त्या दिवशी घरमालकाने चहापाण्याच्या गडबडीत न राहता सज्ज्याजवळ उभे राहावे, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. तसेच घर झाल्यावर नळाच्या पाइपासाठी किंवा एसीसाठी बीमला छिन्नी लावू नये. रिंग तुटली, सळई उघडी पडली, तर दुखणे पावसाळ्यामागून पावसाळा वाढत जाते. सळई गंजते, गंजून फुगते आणि आतून काँक्रीटचे पोपडे सोडवते.

घनाचा हाच नियम पाण्यावरही भेटतो. जहाजाची सर्वांत जास्त रुंदी म्हणजे त्याचा बीम. हे नाव डेकखालच्या आडव्या लाकडांवरून पडले. पाण्याच्या पातळीवरची रुंदी वाढली की कलंडण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. तरी रुंदी वाटेल तेवढी वाढवता येत नाही. पनामा कालव्याच्या जुन्या दरवाज्यांतून ३२.३ मीटरपर्यंतच्या रुंदीचीच जहाजे जात, आणि जगभरच्या गोद्यांत अनेक दशके त्याच मापाची जहाजे बांधली गेली. २०१६ मध्ये मोठे दरवाजे खुले झाल्यावर ते बंधन सैल झाले.

मागावरचा बीम हा पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेशातल्या यंत्रमागाच्या गावांत रोजच्या भाकरीचा शब्द आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे भिवंडी, मालेगाव, विटा, सोलापूर इथेही माग खडखडू लागले. कोनांवरचे सूत आधी वार्पिंगला जाते. तिथे शेकडो तार एकमेकांना समांतर एका रुळावर गुंडाळतात. मग सायझिंगमध्ये असे अनेक रूळ एकत्र उलगडून सुताला खळ लावतात, गरम सिलिंडरांवर वाळवतात आणि दोन्ही टोकांना लोखंडी तबकड्या असलेल्या मागाच्या बीमवर चढवतात. खळ नीट बसली नाही, तर मागावर तार तुटतात आणि विणकराची पाळी गाठी मारण्यात जाते. बीम मागावर आल्यावर प्रत्येक तार वहीतून, म्हणजे तारा वर-खाली करणाऱ्या चौकटीतून, आणि फणीतून ओवावी लागते. हे वहिफणीचे काम बारीक नजरेचे. हजारो तारांत एक चुकली, तरी कापडावर उभी रेघ दिसत राहते. कापड जसे विणले जाते, तसा पुढचा रूळ जाड होतो आणि मागचा बीम बारीक. बीम उतरला की नवा येईपर्यंत माग उभा. सायझिंगचा संप झाला की काही दिवसांत गावभर शांतता पसरते, ती यामुळेच.

तराजूची दांडी हाही बीमच, आणि वर सांगितलेल्या ‘तुले’शी त्याचे जुने नाते. दांडीच्या मध्यावर आणि दोन्ही टोकांना पोलादी धारा असतात. त्या बोथट झाल्या की तराजू आळशी होतो, थोड्या फरकाला हलत नाही. मापात खोट करण्याला ‘दांडी मारणे’ म्हणत. नांगराचे जुवाकडे जाणारे लांब लाकूड ती हाळीस. जिम्नॅस्टिक्समध्ये मुली ज्यावर कसरत करतात, तो बीम ५ मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि रुंदीला फक्त १० सेंटिमीटर असतो. इंग्रजी बायबलमध्ये दुसऱ्याच्या डोळ्यातले कण पाहणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यात ‘बीम’ असतो. मराठीने तिथे कुसळाला यमक जुळणारे मुसळ आणले, आणि भाषांतराचा विचार करणाऱ्याने ते मनात ठेवण्यासारखे आहे.

प्रकाशाकडे वळताना कवडशापासून सुरुवात करावी. दुपारी कौलाच्या फटीतून किंवा बंद खिडकीच्या भोकातून उन्हाची तिरकी पट्टी खोलीत उतरते आणि तिच्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. खरे तर प्रकाश बाजूने दिसतच नाही. कणांवर आपटून जो डोळ्याकडे वळतो, तेवढाच दिसतो. घर झाडले की कवडसा ठळक होतो तो म्हणून. दीपस्तंभाचा झोत दमट रात्री उठून दिसतो, तोही म्हणूनच.

दिव्यातून निघालेला प्रकाश चहूकडे पसरतो. आरसे आणि भिंगांनी त्याला एका दिशेला वळवले की झोत तयार होतो. गाडीच्या दिव्याचे अप्पर आणि डिपर हे दोन झोतच. डिपरचा झोत मुद्दाम असमान ठेवलेला असतो. भारतात डावीकडून वाहतूक चालते, म्हणून तो डाव्या कडेला वर चढतो, तिथला पादचारी दिसावा, आणि उजवीकडे खाली राहतो, समोरच्याचे डोळे दिपू नयेत. १९६० साली थिओडोर मायमनने माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला. त्याची शलाका फार कमी पसरते, पण पसरतेच. पृथ्वीवरून चंद्राकडे सोडलेली लेझर शलाका तिथे पोहोचेपर्यंत काही किलोमीटर रुंद होते. अपोलो ११ ने १९६९ मध्ये ठेवलेल्या परावर्तकावरून तिचा इवलासा अंश परत येतो आणि त्यावरून चंद्राचे अंतर मोजतात.

काही बीममधून काहीच बाहेर पडत नाही. नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरल्या आहेत. त्यांच्या ‘बीम’चा अर्थ : आकाशाचा जेवढा तुकडा तबकडी एका वेळी ‘ऐकते’ तेवढा. ही शलाका उलटी आहे, आत येणाऱ्या लहरींची. तिची रुंदी तरंगलांबी आणि तबकडीचा व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरते. २१ सेंटिमीटरच्या लहरींसाठी ती पौर्णिमेच्या चंद्राहून थोडी लहान, तर ३२५ मेगाहर्ट्झला, म्हणजे सुमारे ९२ सेंटिमीटरच्या लहरींसाठी, चंद्राच्या सुमारे अडीचपट. पण सर्व तबकड्यांचे संदेश योग्य उशीर देऊन एकत्र केले, की सगळा पसारा मिळून एकाच मोठ्या दुर्बिणीसारखा वागतो आणि अंशाच्या सुमारे १८०० व्या भागाइतके बारीक तपशील सुटे दिसतात.

कणांचा झोत बनवायला त्यांना विद्युतभार हवा, ढकलणारे विद्युतक्षेत्र हवे, वाट वळवणारी चुंबके हवीत आणि मार्गात निर्वात नळी हवी. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला २५ वेळा ६२५ रेघांचे चित्र पडद्यावर ओढत असे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्रासह चालवलेला १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन हा आयनांना वेग देणारा त्वरक आहे. जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रात २७ किलोमीटरच्या वर्तुळात प्रोटॉनांचे दोन झोत उलटसुलट फिरतात. एका झोतातल्या साऱ्या प्रोटॉनांचे वजन ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहून कमी, पण मूळ आराखड्यानुसार त्यातली ऊर्जा सुमारे ३६२ मेगाज्यूल, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या ४०० टनी आगगाडीइतकी.

रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी असाच झोत माणसाच्या अंगावर रोखतात. क्ष-किरणांचा झोत शरीरात शिरून आरपार जातो आणि वाटेत सगळीकडे थोडीथोडी ऊर्जा सोडतो, म्हणून तो अनेक दिशांनी देतात. गाठीवर सगळ्यांची बेरीज पडते, आसपासच्या भागाला कमी झळ लागते. प्रोटॉनांचे वेगळे आहे. ते ठरावीक खोलीवर थांबतात आणि थांबण्याच्या अगदी आधी सर्वांत जास्त ऊर्जा टाकतात, त्यामुळे गाठीपलीकडचा भाग बराच वाचतो. टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघरमधल्या संस्थेत ही सोय आहे. कोबाल्टवर चालणारे भाभाट्रॉन हे किरणोपचाराचे यंत्र भाभा केंद्राने विकसित केले.

रुग्ण आणि नातेवाईक याला ‘शेक’ म्हणतात, पण शेकल्याची ऊब लागत नाही आणि उजेडही दिसत नाही. पहिल्या दिवशी त्वचेवर शाईच्या फुल्या काढतात आणि आंघोळीत त्या पुसू नका असे बजावतात. पुढे रोज भिंतींवरच्या लेझर दिव्यांच्या बारीक रेघा अंगावर पडतात. तंत्रज्ञ टेबल हळूहळू सरकवत त्या रेघा फुल्यांवर आणून बसवतो, रुग्णाला ‘हलू नका’ म्हणतो आणि जाड दार ओढून बाहेर जातो. दिसणाऱ्या शलाकेने जागा दाखवलेली असते, न दिसणारी त्यानंतर चालू होते.