विमानात पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, बॅटरीची व्हीलचेअर: मंजुरी कुणाला लागते, कशी घ्यायची, कागद कोणते?

लॅपटॉप चालेल का, ड्रोन चालेल का, बाबांचं ऑक्सिजनचं मशीन चालेल का, हे प्रश्न बहुतेकांना आदल्या रात्री बॅग भरताना सुचतात. तिन्हींचं उत्तर एका आकड्यापासून सुरू होतं: बॅटरी किती वॅट-अवरची आहे, म्हणजे तिच्यात किती ऊर्जा साठते. १०० पर्यंत असेल तर सहसा कुणाला विचारावं लागत नाही. १०० च्या वर आणि १६० पर्यंत असेल तर विमान कंपनीची आगाऊ मंजुरी लागते. १६० च्या वर गेली की प्रवाशाच्या सामानातून ती जात नाही, मग तिकीट बिझनेस क्लासचं असो नाहीतर हातात मंत्र्याची चिठ्ठी असो. अपवाद व्हीलचेअरसारख्या साधनांचा, तो पुढे येईलच.

हे टप्पे आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेले आहेत आणि आपल्या डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियमही त्यांनाच धरून आहेत. त्यामुळे पुणे-दिल्ली असो की मुंबई-टोरांटो, आकडे तेच. विमान कंपनी याहून कडक नियम लावू शकते, सैल करू शकत नाही.

आधी लेबल वाचा

पॉवर बँक उलटी करा. बारीक अक्षरांत साधारण असं काही छापलेलं दिसेल: २०,००० एमएएच, ३.७ व्होल्ट, ७४ वॅट-अवर. वॅट-अवरचा आकडा सापडला की काम झालं. नसेल, तर एमएएचला व्होल्टने गुणून हजाराने भागा.

गल्लत इथेच होते. त्याच लेबलवर आउटपुट म्हणून ५ व्होल्टही छापलेलं असतं. २०,००० ला ५ ने गुणलं की बरोबर १०० येतात आणि माणूस उगाच घाबरतो. गुणायचं ते आतल्या सेलच्या व्होल्टेजने, म्हणजे बहुतेक वेळा ३.७ ने. या हिशेबाने १०,००० एमएएचची पॉवर बँक ३७ वॅट-अवरची होते, २७,००० ची ९९.९ आणि ३०,००० ची १११. म्हणजे २७,००० ही व्यवहारातली लक्ष्मणरेषा. ऑनलाइन सेलमध्ये ५०,००० एमएएचच्या ज्या ठोकळेबाज पॉवर बँका मिळतात, त्या १८५ वॅट-अवरच्या भरतात. त्या घरीच ठेवा.

लॅपटॉपवाल्यांनी फार काळजी करू नये. कंपन्यांनी ही मर्यादा डोळ्यांसमोर ठेवूनच बॅटऱ्या बनवल्या आहेत. १६ इंची मॅकबुक प्रोच्या नव्या मॉडेलांची बॅटरी ९९.६ वॅट-अवरची आहे, हा काही योगायोग नाही. व्हिडिओ कॅमेऱ्यांना मागून बसणाऱ्या व्ही-माउंट बॅटऱ्याही ९८-९९ च्या आसपास मुद्दाम थांबवलेल्या असतात.

लेबल पुसलेलं असेल, तर मात्र अडचण आहे. आकडा दिसत नसेल तर तपासणीवरचा सीआयएसएफचा जवान पॉवर बँक बाजूला काढू शकतो. मार्करने स्वतः आकडा लिहिणं किंवा मोबाइलवर खरेदीचं बिल दाखवणं याचा तिथे भरवसा धरू नये. रस्त्यावरच्या गाड्यावरून घेतलेली, नाव-गाव नसलेली पॉवर बँक तर प्रवासाला नकोच.

मंजुरी लागत नाही, पण नियम आहेतच

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या कायम केबिन बॅगेत, चेक-इन बॅगेत कधीच नाही. लिथियम बॅटरीचा एक सेल बिघडून तापला की शेजारचे सेल त्या उष्णतेने पेटत जातात. सामानाच्या कप्प्यात आग विझवण्यासाठी जो हॅलॉन वायू असतो तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरी थंड करत नाही, त्यामुळे ती पुन्हा पेटू शकते. केबिनमध्ये निदान धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात.

यातली एक फट फार जणांच्या लक्षात येत नाही. विमान भरलेलं असेल तर गेटवर तुमची केबिन बॅग ऐनवेळी खाली सामानात टाकायला घेतात. तेव्हा तिच्यातली पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या काढून जवळ ठेवायला हव्यात. त्या एका छोट्या पाउचमध्ये वेगळ्याच ठेवल्या तर रांगेत बॅग उपसावी लागत नाही. लॅपटॉप किंवा कॅमेरा, बॅटरी आत बसवलेली असताना, चेक-इन बॅगेत टाकायला नियमाने मनाई नाही, पण तो पूर्ण बंद हवा (स्लीपवर ठेवलेला नव्हे) आणि चुकून चालू होणार नाही असा बांधलेला हवा. माझं मत विचाराल तर तोही हातातच ठेवा.

सुट्या बॅटऱ्यांची टोकं झाकणं हेही नियमातच आहे. मूळ खोक्यात ठेवा, नाहीतर टोकांना चिकटपट्टी लावा, नाहीतर प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत घाला. किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात सुटी बॅटरी ठेवणं सगळ्यात वाईट.

पॉवर बँक नेता येते, हे झालं. वापरता येते का? २०२५ पासून याचं उत्तर झपाट्याने बदललं आहे. त्या वर्षी २८ जानेवारीला दक्षिण कोरियात बुसानच्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी पेटलं. आतले सगळे १७६ जण वाचले, विमानाचं छत मात्र जळून गेलं. आगीची सुरुवात डोक्यावरच्या सामान-कप्प्यातून झाली होती आणि संशय पॉवर बँकेवर होता. मार्चपासून कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिलपासून विमानात पॉवर बँक वापरणं आणि चार्ज करणं दोन्ही बंद केलं. चीनने २८ जूनपासून देशांतर्गत उड्डाणांत त्यांचं ‘थ्री-सी’ प्रमाणचिन्ह नसलेल्या पॉवर बँकांना मज्जाव केला. १ ऑक्टोबरपासून एमिरेट्सने माणशी एकच पॉवर बँक, तीही १०० वॅट-अवरच्या आतली, असा नियम लावला आणि विमानात ती वापरायची नाही असंही ठरवलं. मुंबईहून दुबईमार्गे युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे आधी बघावं, कारण आपल्याकडे घरटी तीन-चार पॉवर बँका एकाच बॅगेत कोंबायची सवय असते.

भारतातही ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात, ते धावपट्टीकडे जात असताना, एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली. कर्मचाऱ्यांनी ती विझवली, कुणाला इजा झाली नाही. पुढच्याच महिन्यात डीजीसीएने परिपत्रक काढलं: पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच, डोक्यावरच्या कप्प्यात नाही, आणि विमानात पॉवर बँकेने चार्जिंग नाही. म्हणजे जागा एकच उरते, पुढच्या सीटखालची बॅग किंवा तुमच्या जवळ, हाताशी. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट पुढे-मागे करून शोधू नका. दबलेली बॅटरी पेटते. कर्मचाऱ्यांना हाक मारा.

१०० ते १६० वॅट-अवर: मंजुरी कशी घ्यायची

हा टप्पा मुख्यतः लग्नाचं किंवा जाहिरातीचं चित्रीकरण करणाऱ्यांच्या, मोठे ड्रोन उडवणाऱ्यांच्या आणि काही वैद्यकीय यंत्रं वापरणाऱ्यांच्या वाट्याला येतो. पात्रता सोपी आहे. बॅटरी १६० वॅट-अवरपर्यंतची हवी, स्वतःच्या वापराची हवी आणि अशा सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच. विक्रीसाठी नेत असाल तर तो प्रवासी सामानाचा विषयच राहत नाही, तो माल कार्गोने न्यायचा. युनिटमध्ये तिघे जण असतील तर प्रत्येकाने आपापल्या दोन घ्याव्यात आणि मंजुरीही तिघांच्या नावे असावी. एकाच्या बॅगेत सहा बॅटऱ्या आणि ‘हे तिघांचं आहे’ हे उत्तर तपासणीवर टिकत नाही.

मंजुरी कोण देतं? विमान कंपनी. विमानतळ नाही, सीआयएसएफ नाही, ट्रॅव्हल एजंट तर मुळीच नाही. कोडशेअर तिकीट असेल, म्हणजे तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं, तर जिचं विमान आहे तिला विचारायचं. मध्ये विमान बदलणार असाल तर दोन्ही कंपन्यांकडून वेगवेगळी मंजुरी.

तिकीट काढल्यावर कंपनीच्या वेबसाइटवरचा ‘घातक वस्तू’ किंवा ‘निर्बंधित सामान’ हा भाग उघडा. काही कंपन्यांचा तिथेच फॉर्म असतो, बाकीच्यांना ग्राहक सेवेच्या ईमेलवर लिहावं लागतं. इंग्रजीत चार-पाच ओळी पुरतात: पीएनआर, प्रवाशाचं नाव, उड्डाण क्रमांक आणि तारीख, उपकरण कोणतं, बॅटरीचा मेक आणि मॉडेल, व्होल्ट, अँपिअर-अवर, वॅट-अवर, नग किती, आणि त्या केबिनमध्येच ठेवणार असल्याचं स्पष्ट वाक्य. सोबत ही कागदपत्रं जोडा:

- बॅटरीच्या लेबलचा फोटो, ज्यात वॅट-अवर नीट वाचता येतं
- निर्मात्याचं तांत्रिक माहितीपत्रक
- मिळत असेल तर ‘यूएन ३८.३’ या लिथियम बॅटऱ्यांच्या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा सारांश. चांगल्या कंपन्यांच्या वेबसाइटवर तो उतरवून घेता येतो
- तिकिटाची प्रत

प्रवासाच्या निदान तीन-चार दिवस आधी पाठवा. फोनवर कुणी ‘हो सर, चालेल’ म्हणालं तर त्यावर विसंबू नका, उत्तर ईमेलनेच मागा. ते छापून बरोबर ठेवा. तपासणीच्या रांगेत फोन ट्रेमध्ये गेलेला असतो आणि मंजुरी फोनमध्ये असते. वेब चेक-इन केलेलं असलं तरी अशा वेळी काउंटरवर जाऊन बॅटऱ्या दाखवा, तिकिटावर तशी नोंद आहे ना हे विचारा आणि मगच तपासणीकडे वळा. परतीच्या प्रवासाचा उल्लेख अर्जातच करा, नाहीतर येताना पुन्हा पहिल्यापासून.

खरं सांगायचं तर १५० च्या दोन बॅटऱ्यांऐवजी ९८ च्या चार नेल्या तर हा सगळा व्याप टळतो, म्हणून फिरतीवरचे कॅमेरामन तेच करतात. शेतीत फवारणीसाठी वापरतात त्या ड्रोनच्या बॅटऱ्या १६० च्या कितीतरी वर असतात. त्यांच्यासाठी अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि व्हीलचेअर

रुग्णाला विमानात पोर्टेबल ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) वापरायचा असेल तर बॅटरीचा आकडा पुरेसा नाही. मॉडेल कंपनीच्या मान्य यादीत हवं, डॉक्टरांचं प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि ‘मेडिफ’ नावाचा वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो. त्याचा एक भाग उपचार करणारे डॉक्टर भरतात, तेव्हा त्यांची वेळ आधी घ्या. प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या चार्ज केलेल्या बॅटऱ्या बऱ्याच कंपन्या मागतात, कारण उशीर झाला तर विमानातल्या सॉकेटवर भिस्त ठेवता येत नाही.

बॅटरीच्या व्हीलचेअरसाठी १६० ची भिंत थोडी मागे सरकते. बॅटरी काढता येणारी असेल तर ती काढून केबिनमध्ये न्यायची: एकच असेल तर ३०० वॅट-अवरपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. काढता येत नसेल तर खुर्चीतच घट्ट बसवलेली राहू देऊन, चालू होणार नाही अशी व्यवस्था करून खुर्ची खाली सामानात जाते. दोन्ही प्रकारांत बॅटरी कुठे आहे हे वैमानिकाला कळवलं जातं. डीजीसीएच्या नियमांनुसार अशा मदतीची गरज किमान ४८ तास आधी कळवायची असते. कळवताना बॅटरीचा प्रकार (लिथियम, जेल की पाण्याची), वॅट-अवर, खुर्चीचं वजन, लांबी-रुंदी-उंची आणि बॅटरी सोडवायची पद्धत लिहा. लिथियमची खुर्ची असेल तर बुकिंगवर ‘डब्ल्यूसीएलबी’ हा कोड लागला आहे का ते विचारा. सोडवण्याची रीत दाखवणारं माहितीपुस्तकातलं पान खुर्चीलाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर सामान चढवणाऱ्यांना अंदाजाने वायरी ओढाव्या लागत नाहीत.

बॅटरी लहान, तरी अडकाल

ई-सिगारेट: २०१९ च्या कायद्याने भारतात बंदच आहे, केबिन काय आणि चेक-इन काय. हॉवरबोर्ड, बॅटरीची स्कूटर: बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. स्मार्ट सुटकेस (जिच्यात चार्जिंगसाठी बॅटरी बसवलेली असते): बॅटरी काढता येत नसेल तर विकत घेऊ नका.

उपग्रहाशी जोडणारी उपकरणं हा मात्र गंभीर मामला आहे. परदेशातल्या नातेवाइकांना गिर्यारोहणात वापरायचा उपग्रह-संदेशक साधा जीपीएस वाटतो. भारतात उपग्रह फोन आणि अशी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन प्रवासी महिलेला असंच उपकरण बॅगेत सापडल्यामुळे ताब्यात घेतलं गेलं. सह्याद्रीत ट्रेकला येणाऱ्या पाहुण्यांना हे तिकीट काढतानाच कळवा. विमान कंपनीच्या मंजुरीचा इथे काही उपयोग नाही.

आणि लेखी मंजुरी असूनही कंपनीने बॅटरी अडवली, तर काउंटरवरच्या ड्युटी मॅनेजरला ईमेल दाखवा आणि नकाराचं कारण लेखी मागा. नंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर पीएनआर, मंजुरीचा ईमेल आणि लेबलचा फोटो जोडून तक्रार करता येते. मात्र सुरक्षेच्या कारणावरून वैमानिकाने नाही म्हटलं, तर त्या उड्डाणापुरता तो निर्णय अंतिम असतो. तुम्हाला सोडायला आलेल्या नातेवाइकाकडे बॅटरी परत द्यायची, म्हणून तपासणी पार होईपर्यंत त्यांना पार्किंगमधून निघू देऊ नका.