हॅब्सबर्गांची गादी पिढीजात होती? नाही हो

पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे मध्य युरोपातल्या जुन्या जर्मन साम्राज्याचा, विषय निघाला की कुणीतरी ठोकून देतंच, ती हॅब्सबर्ग राजघराण्याची पिढीजात गादी, निवडणूक नुसती नावाला. अर्धंच खरंय हे. 1438 नंतर जवळजवळ 300 वर्षं तेच घराणं निवडून येत राहिलं, मान्य, पण निवडून यावं लागत होतं ना. त्याआधी तर 1291 ला हॅब्सबर्गांचा राजा रुडॉल्फ गेल्यावर त्याच्या मुलाला, आल्ब्रेख्टला, सरळ डावलून नासाऊच्या आडोल्फला राजा केला आणि 1298 ला त्यालाही खाली खेचून परत आल्ब्रेख्टलाच बसवला! 1356 च्या गोल्डन बुल या शाही फर्मानाने राजा निवडणारे 7 मतदार (बडे सरदार आणि धर्मगुरू) कागदावर पक्के केले (होते ते आधीपासूनच), फ्रँकफर्टात जमायचं, बहुमत पुरे, आणि 30 दिवसांत निर्णय नाही झाला तर पुढे मतदारांना फक्त पाव आणि पाणी. 1519 ला हॅब्सबर्गांच्याच पाचव्या कार्लला निवडून येण्यासाठी साडेआठ लाख गुल्डनच्या (सोन्याची नाणी) आसपास वाटावे लागले, त्यातले पाच लाखांवर फुगर सावकाराचे, वर अटींच्या करारावर सही वेगळीच. गादी घरचीच असती तर एवढं कर्ज कोण कशाला काढेल? आणि 1742 ला सम्राट झालेला सातवा कार्ल तर बव्हेरियाचा, विटल्सबाख घराण्यातला.