मृगाचा तेजोमेघ आणि लॅपटॉपची रॅम

मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर आहे. ट्रॅकरवर, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या बैठकीवर, बसवलेल्या कॅमेऱ्याने त्याचा एक मिनिटाचा एक फोटो काढला, तर उजळ गाभा दिसतो, पण भोवतीचे फिकट पदर दाणेदार गोंगाटात बुडून जातात. म्हणून आपण तसे दोनशे फोटो काढतो आणि घरी येऊन ते एकावर एक रचतो. यालाच स्टॅकिंग म्हणतात. प्रकाश दोनशे पटीने साठतो; गोंगाट मात्र दर फ्रेममध्ये वेगळा असल्यामुळे दोनशेच्या वर्गमुळाइतकाच, म्हणजे सुमारे १४ पट वाढतो. त्यामुळे चित्र जवळजवळ १४ पट स्वच्छ होतं.

लॅपटॉप कोणता घ्यावा, असं नवे हौशी छायाचित्रकार विचारतात तेव्हा बहुतेकांची नजर आधी ग्राफिक्स कार्डावर गेलेली असते. माझं ठाम मत आहे की पहिला पैसा रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा) आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) यांवर घालावा. का, ते या रचण्याच्या कामातच दडलेलं आहे.

२४ मेगापिक्सेलचा साधा डीएसएलआर घ्या. त्याच्या सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग टिपतो. उरलेले दोन रंग सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून काढतं. शिवाय फिकट छटा गणितात गळून जाऊ नयेत म्हणून प्रत्येक आकडा ३२ बिटांत, म्हणजे ४ बाइटांत ठेवला जातो. आता हिशेब करा: २ कोटी ४० लाख पिक्सेल, गुणिले तीन रंग, गुणिले चार बाइट. एका फ्रेमचे २८८ एमबी झाले. मेमरी कार्डावर जेमतेम २५-३० एमबीची असलेली फाइल इथे दहापट फुगते. दोनशे फ्रेम म्हणजे जवळपास ५८ जीबी, आणि डार्क-फ्लॅट (सेन्सर आणि लेन्सचे दोष काढणाऱ्या फ्रेम) लावलेल्या, ताऱ्यांवर तारे जुळवलेल्या अशा मधल्या पायऱ्यांच्या प्रती वेगळ्याच. एका रात्रीच्या कामाला १५० जीबी मोकळी जागा सहज लागते.

आणि या फ्रेम एकेक करून बेरजेत टाकल्या की झालं, असंही नाही. तीन तासांच्या चित्रणात दोन-चार उपग्रह आणि एखादं विमान रेघ ओढून जातंच. ती रेघ पुसण्यासाठी सॉफ्टवेअर आकाशातला एकच ठिपका दोनशेही फ्रेममध्ये शेजारी शेजारी मांडून पाहतं. १९८ ठिकाणी आकडे साधारण सारखे आणि दोन ठिकाणी भलतेच मोठे असतील, तर ते दोन बाद. ही तुलना प्रत्येक ठिपक्यासाठी होते. त्यासाठी सगळ्या फाइलींचे तुकडे एकाच वेळी रॅममध्ये हवेत. जागा पुरली नाही की डिस्कवर फेऱ्या सुरू होतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला सुमारे १५० एमबी येतात, म्हणजे ५८ जीबी एकदा वाचायलाच सहा मिनिटांहून जास्त. सेकंदाला ३,००० एमबी देणाऱ्या एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीवर तेच वीस सेकंदांत होतं.

म्हणून १६ जीबी रॅम ही कमीत कमी गरज समजा, ३२ असेल तर निवांत. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा मदरबोर्डावरच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही. हे घेण्यापूर्वी विचारा. दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामा स्लॉट असेल तर फारच उत्तम.

प्रोसेसर सहा-आठ कोरचा पुरे, पण तो थंड राहिला पाहिजे. स्टॅकिंगमध्ये सगळे कोर बराच वेळ पूर्ण जोराने चालतात. पंखा कमी पडला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो.

ग्राफिक्स कार्ड बिनकामाचं आहे असं मात्र नाही. चित्रातले तारे वेगळे काढणारी स्टारनेट किंवा अस्पष्टपणा कमी करणारी ब्लरएक्सटर्मिनेटर ही साधनं न्यूरल नेटवर्कवर चालतात, आणि एनव्हिडियाच्या कार्डावर त्यांचं काम कितीतरी लवकर उरकतं. पण सुरुवातीला सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही मोफत सॉफ्टवेअर वापरणार असाल, तर त्यांचं स्टॅकिंग प्रोसेसरच करतो. कार्डाचा खर्च तेव्हा टाळता येतो.

स्क्रीनकडे मात्र दुर्लक्ष नको. आपलं सगळं काम काळ्याच्या जरा वरच्या छटांमध्ये चालतं. स्वस्त स्क्रीनवर बघण्याचा कोन बदलला की याच छटा बदलतात, आणि मान जरा हलवली तरी पार्श्वभूमी कधी राखाडी, कधी काळी दिसते. आयपीएस पॅनेल (कोन बदलला तरी छटा फारशा न बदलणारा) आणि शंभर टक्के एसआरजीबी (रंगांचा प्रमाण पट्टा), एवढं पाहून घ्या. गडद पार्श्वभूमीचा एखादा तेजोमेघाचा फोटो पेन ड्राइव्हवर दुकानात न्यावा, तो पूर्ण स्क्रीनवर उघडावा आणि डावीकडून, उजवीकडून, उभं राहून, बसून पाहावा.

जुना लॅपटॉप लगेच विकू नका. मुंबईजवळच्या वांगणीच्या माळावर हिवाळ्यातल्या पहाटे दव पडतं; तिथे नवा लॅपटॉप न्यायला नको, कॅमेऱ्याला नुसत्या आज्ञा द्यायला जुनाच पुरतो.