कार्बन-आधारित धातू उत्प्रेरक

सच्छिद्र कार्बनाच्या पृष्ठावर पॅलॅडियम, प्लॅटिनम, रूथेनियम, सोने इ. धातूंचे अतिसूक्ष्म कण बसवून केलेले उत्प्रेरक. विक्रिया धातूच्या पृष्ठावरील अणूंवरच घडते. आतले अणू वाया जातात. म्हणून महाग धातूचा कण जितका बारीक तितका फायदा अधिक. पण सुटे बारीक कण तापताच एकमेकांना चिकटून मोठे होतात. त्यांना दूरदूर धरून ठेवणे हे आधारद्रव्याचे काम. ॲल्युमिना व सिलिका हे आधारही रूढ आहेत. कार्बन मात्र तीव्र अम्लात आणि अल्कलीतही टिकतो, आणि उत्प्रेरक निकामी झाल्यावर तो जाळून राखेतून धातू परत मिळवता येतो.

कोळशावर धातू बसविण्याची कल्पना निदान १८५० च्या दशकाइतकी जुनी असावी. जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांनी त्या सुमारास प्लॅटिनमयुक्त कोळशाचे वर्णन केले. सक्रियित (म्हणजे मुद्दाम सच्छिद्र केलेल्या) कार्बनाचे औद्योगिक उत्पादन राफाएल फोन ओस्त्रेयको यांच्या १९०० च्या आसपासच्या पेटंटांनंतरचे. नारळाची करवंटी, लाकूड, पीट किंवा दगडी कोळसा हवेवाचून भाजून मग सु. ८००°–१,०००° से. तापमानाला वाफ दिली की कार्बनाचा काही भाग झिजून छिद्रे पडतात. चांगल्या नमुन्याच्या एका ग्रॅमाचे पृष्ठफळ १,००० चौ. मी.च्या घरात, म्हणजे पुरुषांच्या कबड्डीच्या सातआठ मैदानांएवढे भरते. हा आकडा शब्दशः घेऊ नये. तो १९३८ मध्ये मांडलेल्या ब्रुनॉर-एमेट-टेलर समीकरणावरून काढतात आणि अगदी अरुंद छिद्रांना ते समीकरण नीट लागू पडत नाही. शिवाय २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांत (सूक्ष्मरंध्रांत) ३-४ नॅनोमीटरचा धातुकण मावतच नाही. उत्प्रेरकाच्या दृष्टीने २ ते ५० नॅनोमीटरची मध्यरंध्रे अधिक मोलाची. ती ठराविक मापाची मिळावीत म्हणून सिलिकेच्या साच्यात साखर भरून तिचा कोळसा करण्याची व मग सिलिका विरघळवून टाकण्याची रीत कोरियातील रयोंग रू यांच्या गटाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केली.

सक्रियित कार्बनाच्या अंतर्गत रचनेबद्दल मतभेद आहेत. रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१ मध्ये कार्बनांचे दोन वर्ग पाडले : तापविल्यावर ग्रॅफाइट होणारे आणि सु. ३,०००° से. पर्यंत नेऊनही न होणारे. दुसऱ्या वर्गात ग्रॅफाइटाचे लहान स्तर वेड्यावाकड्या दिशांनी रचलेले व आडव्या बंधांनी जखडलेले असतात, असे त्यांचे मत होते. हे बंध एवढ्या तापमानाला कसे टिकतात, हा प्रश्न मात्र उरतो. १९९० च्या दशकापासून पीटर हॅरिस व इतरांनी असे सुचविले, की या स्तरांत षट्कोनांबरोबर पंचकोनही असतात, त्यामुळे ते वाकलेले राहतात आणि सपाट होऊच शकत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रांशी हे मत अधिक जुळते. फ्रँकलिन यांची वर्गवारी मात्र आजही तशीच वापरली जाते.

धातुकणांना कार्बनावर काय धरून ठेवते, हाही वादाचा विषय. एका मताने नायट्रिक अम्लाच्या संस्काराने पृष्ठावर येणारे ऑक्सिजनयुक्त गट कणांचे खुंट ठरतात. परंतु त्यांपैकी कार्बॉक्सिल गट उष्णतेने सुटून जातात आणि धातूचे क्षपण करताना (म्हणजे त्याच्या लवणातून धातू मोकळा करताना) बऱ्याचदा तेवढीच उष्णता लागते. त्यामुळे हे गट धातूचे लवण सर्वत्र पसरण्यास मदत करतात, अखेरची पकड मात्र स्तरांच्या कडा व दोष यांची असते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पॅलॅडियम क्लोराइडाच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. कार्बन स्वतःच त्याचे क्षपण करतो, त्यामुळे द्रावण आत झिरपण्यापूर्वी दाण्याच्या बाहेरच्या थरातच धातू बसतो.

धातू असा बाहेरच्या थरातच बसणे हा नेहमीच दोष नसतो. पॉलिएस्टरसाठी लागणाऱ्या टेरेप्थॅलिक अम्लात उरलेले एक आल्डिहाइड बहुवारिकाची (पॉलिएस्टरच्या लांब रेणूची) साखळी वाढू देत नाही. ते घालविण्यासाठी अशुद्ध अम्ल सु. २८०° से. तापमानाच्या पाण्यात दाबाखाली विरघळवून, करवंटीच्या कोळशावरील सु. ०.५ टक्का पॅलॅडियमवरून हायड्रोजनासह नेतात. येथे धातू बाहेरच्या थरात असलेलाच बरा. करवंटीचा कोळसा कठीण असल्याने दाणे भुगा होत नाहीत, हे त्याच्या निवडीचे मोठे कारण. रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे या अम्लाचे उत्पादन होते.

पीव्हीसी प्लॅस्टिकचा कच्चा माल असलेले व्हायनिल क्लोराइड ॲसिटिलीनपासून करताना कार्बनावरील मर्क्युरिक क्लोराइड हे पाऱ्याचे विषारी लवण उत्प्रेरक म्हणून वापरतात. त्याला पर्याय म्हणून सोने उत्तम ठरेल, असे ग्रॅहम हचिंग्ज यांनी १९८५ मध्ये भाकीत केले होते व पुढे ते खरे ठरले. यात काम करणारे सोने कणांच्या नव्हे, तर एकेकट्या धनप्रभारित अणूंच्या रूपात असते, असे २०१७ मधील क्ष-किरण अभ्यासावरून दिसते. इंधन घटांत (हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज देणाऱ्या घटांत) काजळीसारख्या कार्बनावर प्लॅटिनम असते. धन बाजूचा कार्बन हळूहळू ऑक्सिडीभूत होऊन झिजतो, हा तेथील मोठा अडसर.

प्रयोगशाळेत पॅलॅडियम-कार्बन ही साधी काळी भुकटी दिसते. धोका असतो तो हायड्रोजनीकरणानंतर गाळताना. गाळणकागदावरील थर कोरडा पडला, तर त्यात अडकलेला हायड्रोजन व विद्रावकाची वाफ हवेशी येताच कडेने ठिणगी पळते आणि कागद पेट घेतो. म्हणून थर सतत ओला ठेवतात आणि गाळणी होताच पाण्याखाली घेतात. ही भुकटी बाजारातही बहुधा निम्मे पाणी घालूनच मिळते.