पार्श्वभूमी : शून्य व्होल्ट हा बायस आहे का?

ऐरोली-महापे पट्ट्यात चिप-डिझाइन करणाऱ्यांना बॉडी बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर ज्या सिलिकॉनवर बसतो त्या ‘बॉडी’ला व्होल्टेज देणे, नव्याने समजावायला नको. 1970 च्या दशकातल्या 4116 या 16 किलोबिटच्या मेमरी चिपमध्ये या बायसच्या उणे 5 व्होल्टसाठी पहिली पिनच राखून ठेवलेली होती. पुढे हे व्होल्टेज चिपमधलेच ‘चार्ज पंप’ नावाचे छोटे सर्किट तयार करू लागले. मूळ कल्पना इतकी जुनी असल्याने आजचे पेटंट उरलेल्या बारकाव्यांवर उभे राहते, आणि अपिलात कीस पडतो तो दाव्याच्या, म्हणजे पेटंटने नेमके काय राखले ते सांगणाऱ्या वाक्याच्या, भाषेचा.

समजा, दाव्यात लिहिले आहे : ‘बॉडीला बायस व्होल्टेज दिलेला ट्रान्झिस्टर’. बॉडी सोर्ससोबत (ट्रान्झिस्टरच्या एका टोकासोबत) थेट ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडलेली असेल तर? पेटंट उडवू पाहणारा म्हणतो, शून्य हेही व्होल्टेजच. हे मान्य झाले की असंख्य जुनी सर्किटे दाव्यात बसतात आणि त्याचे नवेपण संपते. पेटंटधारक म्हणतो, सोर्सपेक्षा वेगळी पातळी हवी, नाहीतर बंद ट्रान्झिस्टरमधून होणारी विजेची गळती कमी होणार कशी? अभियंत्याच्या नजरेने त्याचेच म्हणणे पटते. गंमत अशी की उल्लंघनाच्या खटल्यात हाच गृहस्थ शक्य तितका रुंद अर्थ मागतो.

अमेरिकेत 2012 पासून मंजूर पेटंटला पेटंट कार्यालयातच आव्हान देण्याची नवी वाट खुली झाली. तिथे दाव्याचा ‘वाजवी तितका रुंद’ अर्थ लावत. न्यायालये मात्र पेटंटमधला तपशील आणि अर्जाच्या वेळी कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार पाहून नेहमीचा अर्थ घेत. एकाच वाक्याला दोन मापे! 2016 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा दुजाभाव उचलून धरला. रुंद अर्थाने पेटंट उडवणे सोपे जाते, म्हणून पेटंटधारकांच्या दृष्टीने तो घावच होता. पुढे 13 नोव्हेंबर 2018 पासूनच्या आव्हान-अर्जांना न्यायालयाचे माप लागू झाले. इथली बरीच डिझाइन परदेशी फाउंड्रीत (चिप बनवणाऱ्या कारखान्यात) जातात, त्यामुळे हा बदल महाप्यातही जाणवतो.

आपल्याकडचे पेटंटची अपिले ऐकणारे बौद्धिक संपदा अपील न्यायाधिकरण एप्रिल 2021 मध्ये मोडीत निघाले. त्याआधी तांत्रिक सदस्याची जागा बराच काळ रिकामीच होती. आता पेटंट कायद्याच्या कलम 117अ खालचे अपील तीन महिन्यांत उच्च न्यायालयात करावे लागते. कलम 59 मुळे दावा आवळता येतो, सैल करता येत नाही. म्हणजे ‘सोर्सपेक्षा वेगळे’ हे शब्द मागाहून घालता येतील, तेही मूळ तपशिलात त्यांना आधार असेल तरच.