गप्प बसलं की डोकं काय करतं?

सोलापुरात पदवी हातात पडलेल्या पोराला गल्लीत पहिला प्रश्न येतो, ‘मग, पुण्याला कधी?’ विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. चादरीचे कारखाने कमी होत गेले, त्या मानाने नवी कामं आली नाहीत. त्यामुळे पुणं-हैदराबाद गाठलं तो मार्गी लागला आणि इथं थांबला तो मागे पडला, असा हिशेब घराघरांत पक्का झाला आहे. हे यशाचं माप आपलं की गल्लीचं, ते तपासायचं तर माणसाला जरा एकटं बसावं लागतं. संध्याकाळी कंबर तलावाच्या काठावर अशी एकेकटी बसलेली पोरं दिसतातही. (त्यातली बरीच मोबाईलमध्ये डोकं घालून असतात, ते सोडा.)

‘शांत बसून विचार कर, आपोआप कळेल’ हा सल्ला वडीलधारी माणसं हमखास देतात. यातलं ‘आपोआप’ विज्ञानाला मान्य नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतला जवळपास २० टक्के वाटा तो एकटा खातो. आपण गणित सोडवत असू किंवा नुसते बसलेलो असू, या खर्चात फारसा फरक पडत नाही. मग रिकामं बसल्यावर ही ऊर्जा जाते कुठे? अमेरिकेतल्या सेंट लुईसचे मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिलं, की हातातलं काम थांबलं की मेंदूचे काही ठरावीक भाग जास्त सक्रिय होतात. कपाळामागचा मधला भाग त्यातला महत्त्वाचा. या जोडणीला आता ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. जुन्या आठवणी, उद्याचे बेत, लोक आपल्याबद्दल काय म्हणत असतील याचे अंदाज, थोडक्यात ‘मी’शी संबंधित सगळा कारभार इथं चालतो. तलावाकाठी गप्प बसलेल्या पोराच्या डोक्यात तेव्हा भर बाजार भरलेला असतो.

हा बाजार सुखाचा असतोच असं नाही. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये मोबाईल ॲपवरून दिवसभरात अधूनमधून लोकांना विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं आणि भरकटलेल्या मनाची माणसं सरासरीने कमी आनंदी होती. २०१४ मध्ये टिमोथी विल्सन यांच्या गटाने तर कमालच केली. माणसांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटं एकटं बसवलं. सोबत फक्त एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका. आधी चाखून ‘हा टाळायला पैसे मोजू’ म्हणालेल्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतल्या ६ जणींनी तो स्वतःहून घेतला. स्वतःच्या विचारांसोबत पाव तास काढण्यापेक्षा झटका बरा वाटला!

म्हणजे नुसती शांतता पुरत नाही. त्या शांततेत माणूस स्वतःशी कसं बोलतो, यावर सगळं अवलंबून असतं.

मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी आयुष्याचा मोठा काळ एकाच गोष्टीच्या अभ्यासात घालवला. तेच तेच दुःख पुन्हा पुन्हा चघळणं, ज्याला आपण रवंथ म्हणतो. १९८९ च्या कॅलिफोर्निया भूकंपाआधी त्यांनी योगायोगाने काही विद्यार्थ्यांच्या मनाच्या सवयी नोंदवून ठेवल्या होत्या. भूकंपानंतर त्याच विद्यार्थ्यांना गाठलं, तेव्हा आधीपासून रवंथ करणाऱ्यांमध्ये खिन्नतेची लक्षणं जास्त आढळली. गंमत अशी, की रवंथ करणाऱ्याला आपण खोल आत्मपरीक्षण करतोय असंच वाटत असतं. ‘माझंच असं का झालं?’ हा प्रश्न दिसायला चिंतनाचा, पण बरेचदा तो उत्तराकडे नेतच नाही.

ईथन क्रॉस आणि ओझलेम आयडक यांचं काम मला इथं सगळ्यात उपयोगाचं वाटतं. चादरीला नाक लावून पाहिलं तर धागे दिसतात, दोन पावलं मागं सरकल्यावर मोर दिसतो. त्यांनी लोकांना स्वतःकडे असं मागं सरकून बघायला लावलं. युक्ती अगदी साधी. स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घ्यायचं. २०१४ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या प्रयोगांमध्ये भाषणाच्या तयारीत असं बोलणारी माणसं भाषण बरं करत होती आणि नंतर त्यांना लाजही कमी वाटत होती. २०१७ च्या एका अभ्यासात मेंदूच्या विद्युतलहरी मोजल्या, तेव्हा भावनेची तीव्रता सेकंदभरातच उतरलेली दिसली आणि त्यासाठी मेंदूला जादा कष्ट पडल्याचंही आढळलं नाही.

करून कसं बघायचं? समजा, एका पोराचं नाव प्रशांत. मुलाखतीत पडून घरी आलाय. वहीत लिहितो, ‘मला एवढं साधं उत्तर का आलं नाही? मी असाच आहे.’ याच्याखाली रेघ मारून पुन्हा लिहायचं: ‘प्रशांत त्या खोलीत गेला तेव्हा त्याला कशाची धास्ती होती? नोकरी हुकण्याची, की काकांना काय सांगायचं याची?’ दुसऱ्या वाक्यात काका आले. पहिल्यात ते कुठेच नव्हते.

वहीचंही स्वतंत्र संशोधन आहे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना उलट वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम लहानच निघालाय, तेव्हा वहीला रामबाण समजू नये. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘आता कळलं’ असे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा जास्त झाला, असं मात्र पेनेबेकर यांना आढळलं.

विचार करण्यालाही एक धोका आहे. विल्सन यांच्याच एका प्रयोगात विद्यार्थ्यांना घरी न्यायला एक पोस्टर निवडायचं होतं. काहींना आधी आवडीची कारणं लिहायला लावली. काही आठवड्यांनी तेच आपल्या निवडीवर कमी खूश होते. शब्दांत मांडायला सोपं असतं तेच कारण होऊन बसतं, मांडता न येणारं मागे राहतं. पगाराचा आकडा सांगायला सोपा. रोज संध्याकाळी आईसोबत जेवता येणं ‘फायदे’च्या रकान्यात कसं लिहायचं?

पगाराला इथं नावं ठेवायची नाहीत. विड्या वळून घर चालवणाऱ्या माऊलीला ‘पैसा म्हणजे सर्वस्व नाही’ ऐकवणं हा आगाऊपणा झाला. गरज भागेपर्यंत पैसा सुख देतोच. प्रश्न त्यापुढचा आहे. रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पदवीधरांचा मागोवा घेऊन २००९ मध्ये निष्कर्ष छापले. नातीगोती, स्वतःची वाढ, समाजासाठी काही करणं अशी उद्दिष्टं गाठणाऱ्यांचं मन वर्षभरात जास्त सुखी झालं. पैसा, नाव, दिसणं ही उद्दिष्टं गाठणाऱ्यांचं समाधान वाढलं नाही, त्रासाची लक्षणं मात्र वाढली. ठरवलं ते मिळूनसुद्धा!

याच सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक युद्धात सापडलेल्या चीनला गेलं. बाकीचे परतले, कोटणीस तिथेच राहिले आणि १९४२ मध्ये अवघ्या ३२व्या वर्षी गेले. गल्लीच्या मापाने हा हिशेब मांडून बघा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. वही, तलाव, स्वतःचं नाव घेऊन बोलणं, हे सगळं धडधाकट मनासाठी आहे. झोप उडाली, जेवण जाईना, कशातच रस वाटेना आणि दोन आठवडे हेच चाललं असेल, तर एकटं बसून विचार करणं थांबवून डॉक्टर गाठावा. मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि फोनला पैसे पडत नाहीत.